कच्ची खायची पाने घरी पिकवताना : पेरणी, खत आणि स्वच्छता

गेल्या डिसेंबरमध्ये एका ताईंचा फोन आला. गच्चीवर त्यांनी क्रेटमध्ये पालक, कोथिंबीर आणि लेट्यूस लावले होते आणि पीक चांगले आले होते. त्या म्हणाल्या, "सर, सगळं सेंद्रिय आहे. गावाहून ताजं शेण आणून जीवामृत करते, दर आठवड्याला फवारते. पोरांना पानं कच्चीच आवडतात, तोडून तशीच खातात. चालतं ना?"

चालत नाही, असे मला सांगावे लागले. त्यांना वाईट वाटले, कारण मेहनत प्रामाणिक होती. पण शिजवून खायची पालेभाजी आणि कच्चे खायचे पान यांत मोठा फरक आहे. शिजवताना पातेल्यातील उष्णता आपल्या बऱ्याच चुका झाकते. कच्च्या पानाला ती सोय नाही. खतातून, पाण्यातून किंवा हातातून पानावर जे आले, त्यातील बराच भाग धुतल्यानंतरही ताटात येऊ शकतो. म्हणून कोशिंबीर, सॅलड, चटणी यांसाठी पाने पिकवायची असतील तर खताचा विचार पेरणीच्या आधी करावा लागतो. ही पिके सोपी, कमी दिवसांची आणि कमी जागेत येणारी आहेत. काही नियम पाळले तर घरच्या घरी वर्षातील बराच काळ ताजी पाने मिळू शकतात.

कच्ची पाने आपल्याला नवी नाहीत

सॅलड म्हटले की लेट्यूस डोळ्यांसमोर येते. पण खानदेश, मराठवाडा भागात मेथी, कांद्याची पात, करडई यांची कोवळी पाने चिरून त्यात तेल, तिखट, मीठ, दाण्याचा कूट घालून घोळाणा करतात. हरभऱ्याचे कोवळे शेंडे शेतातच खुडून खाल्ले जातात. कोथिंबीर-पुदिन्याची चटणी तर घरोघरी होते. ही सगळी कच्चीच पाने आहेत. त्यामुळे पुढील नियम लेट्यूसइतकेच मेथी आणि कोथिंबिरीलाही लागू आहेत.

घरी पिकवण्याचे खरे कारणही यातच आहे. मोठ्या शहरांजवळ काही ठिकाणी नाल्याच्या किंवा सांडपाण्याच्या आधारे पालेभाजी पिकवली जाते. अशा पाण्यातून जंतांची व फीतकृमीची अंडी पानांवर येऊ शकतात. घरच्या कुंडीत आपण कोणते पाणी घालतो ते आपल्याला माहीत असते. हा फायदा ताजे शेण घालून घालवू नये.

जागा, ऊन आणि वजन

पालेवर्गीय पिकांना रोज साधारण ४ ते ५ तास ऊन पुरते. सकाळचे ऊन आणि दुपारनंतर सावली अशी पूर्वेकडील बाल्कनी उत्तम. पश्चिमेच्या बाल्कनीत हिवाळ्यात पीक चांगले येते, मात्र मार्चनंतर ५० टक्के सावली देणारी शेडनेट लावावी. जेथे थेट ऊन अजिबात येत नाही तेथे कोथिंबीर, लेट्यूस लांबट व लुळे वाढतात. अशा ठिकाणी पुदिन्यासारखे सावली सोसणारे पीक निवडावे.

या पिकांची मुळे उथळ असल्याने १५ ते २० सें.मी. खोलीची माती पुरते. भाजीचा साधा प्लॅस्टिक क्रेट (अंदाजे ५० × ३५ सें.मी.) यासाठी सोयीचा आहे. क्रेटच्या जाळीतून माती गळू नये म्हणून आतून जुनी शेडनेट किंवा गोणपाट लावावे. ग्रो बॅग, पसरट कुंडी किंवा थर्माकोलची पेटी चालते, पण तळाला पाणी निचरण्यासाठी भोके हवीतच. रसायनांचे किंवा रंगांचे रिकामे डबे वापरू नयेत.

गच्चीवर वजनाचा विचार करावा. ३० लिटर माती भरलेला क्रेट ओला असताना ५० किलोच्या आसपास भरतो. असे क्रेट गच्चीच्या मधोमध एकत्र न ठेवता भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेत ठेवावेत. खाली विटा ठेवून ते उचलून घ्यावेत, म्हणजे पाणी साचणार नाही आणि स्लॅबला ओल येणार नाही. इमारत जुनी असेल तर आधी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

माती आणि खत : येथेच चूक होते

माती, पूर्ण कुजलेले कंपोस्ट आणि कोकोपीट प्रत्येकी एक भाग असे मिश्रण करावे. भारी काळी माती असेल तर ती पाणी धरून ठेवते आणि वाळल्यावर भेगा पडतात. अशा वेळी कोकोपीटचे प्रमाण वाढवावे. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून वापरण्यापूर्वी ते दोन वेळा पाण्यात भिजवून पिळून घ्यावे.

आता शेणाविषयी. गाई-म्हशींच्या आतड्यात काही जातींचे ई. कोलाय जिवाणू असतात. जनावर आजारी दिसत नाही, पण माणसाच्या पोटात गेल्यास ते रक्ताची हगवण आणि लहान मुलांत मूत्रपिंडाचा गंभीर विकार घडवू शकतात. कोंबडी खतातून साल्मोनेला येऊ शकतो. हे जिवाणू मातीत कित्येक आठवडे टिकतात.

अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत याबाबत स्पष्ट अंतर दिले आहे. ज्या पिकाचा खाण्याचा भाग मातीला लागतो, त्यात ताजे शेण मातीत मिसळणे आणि काढणी यांत किमान १२० दिवस जावे लागतात. आपल्या पिकाशी हे ताडून पाहा. मेथी २५ ते ३० दिवसांत, कोथिंबीर ४० दिवसांत आणि लेट्यूस सुमारे दोन महिन्यांत संपते. म्हणजे या पिकांच्या संपूर्ण आयुष्यात ताजे शेण घालण्यास योग्य असा एकही दिवस नाही. पेरणीपूर्वी नाही आणि उभ्या पिकात तर मुळीच नाही.

जीवामृताचेही तेच. २०० लिटर पाण्यात १० किलो ताजे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती घालून ते काही दिवस मुरवतात. यात जिवाणूंची संख्या वाढवणे हाच हेतू असतो. त्यात उष्णता तयार होत नाही आणि उपयुक्त जिवाणू वाढताना अपायकारक जिवाणू मरतीलच अशी खात्री नसते. फळझाडांच्या बुंध्याशी किंवा शिजवून खायच्या पिकाला जमिनीतून जीवामृत देणे ही वेगळी गोष्ट आहे. कच्च्या खायच्या पानांवर ते फवारू नये आणि त्यांच्या कुंडीतही घालू नये. शेणस्लरी आणि शेणखत भिजवून काढलेल्या पाण्यालाही हेच लागू आहे. सेंद्रिय हा शब्द रसायन नसल्याची खात्री देतो, रोगजंतू नसल्याची नाही.

मग खत कोणते द्यावे?

- चांगले तापलेले कंपोस्ट : ढिगाचे तापमान ५५ अंश सेल्सिअसवर जाऊन काही दिवस टिकले आणि ढीग अनेक वेळा वरखाली केला, तर बहुतेक रोगजंतू मरतात. असे खत काळसर, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचे असते. शेणाचा वास येत असेल तर ते कच्चे आहे.
- गांडूळ खत : यात ढीग तापत नाही. त्यामुळे गांडुळांना देण्यापूर्वी शेण आधी कुजवलेले होते का, हे विक्रेत्याला विचारावे. खत पेरणीपूर्वीच मातीत मिसळावे, वरून पानांवर भुरभुरू नये.
- घरातील ओल्या कचऱ्याचे कंपोस्ट : भाजीची साले, चहाचा चोथा, वाळलेली पाने यांचे कंपोस्ट चांगले. त्यात मांस-मासळीचे अवशेष किंवा पाळीव प्राण्यांची विष्ठा घालू नये.
- निंबोळी पेंड : एका क्रेटला सुमारे ५० ग्रॅम मातीत मिसळावी.

युरियाचा मोह टाळावा. जास्त नत्र आणि कमी ऊन यांमुळे पानांत नायट्रेट साठते. पाने गडद हिरवी व मोठी दिसतात, पण मऊ पडतात, लवकर सडतात आणि त्यांवर मावा जास्त येतो.

हंगाम पाहून पीक निवडावे

घरच्या कोथिंबिरीबाबत सर्वांत जास्त तक्रार येते ती एप्रिल-मेमध्ये : उगवत नाही, उगवली तर लगेच फुलावर येते. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये आख्खे पाकीट पेरून बसलो होतो. हाती आले ते चार काटकुळे दांडे. दोष बियाण्याचा नव्हता. कोथिंबीर आणि लेट्यूस ही थंड हवेची पिके आहेत. तापमान वाढले आणि दिवस मोठा झाला की ती पाने देणे सोडून बी धरण्याच्या मागे लागतात. कोथिंबिरीची पाने बारीक, शेपूसारखी होतात. लेट्यूसच्या दांड्यात पांढरा चीक वाढून पाने कडू होतात. एकदा ही अवस्था सुरू झाली की खत-पाण्याने ती मागे फिरत नाही.

- हिवाळा (ऑक्टोबर मध्य ते फेब्रुवारी) : लेट्यूस, कोथिंबीर, मेथी, पालक, शेपू, मुळ्याची कोवळी पाने, कांद्याची पात. सर्व पाने घेण्याचा हा काळ.
- उन्हाळा (मार्च ते मे) : सब्जा, पुदिना (अर्धसावलीत), पानओवा, गवती चहा. माठ आणि राजगिरा उष्णता चांगली सोसतात, मात्र ते शिजवून खावेत. कोथिंबीर घ्यायचीच असेल तर शेडनेटखाली थोडी थोडी पेरावी. विदर्भात या काळात लेट्यूसचा आग्रह सोडावा.
- पावसाळा (जून ते सप्टेंबर) : गवती चहा, पानओवा, मायाळू. कोकण आणि गोव्यातील मुसळधार पावसात उघड्यावरील कोथिंबीर, मेथी कुजते. छपराखाली किंवा पारदर्शक प्लॅस्टिकखाली, हवा खेळती ठेवून पेरणी करावी.

पीकनिहाय लागवड

*कोथिंबीर :* धणे हलक्या हाताने रगडून त्याचे दोन भाग करावेत. प्रत्येक भागात एक बी असते. आख्खा धणा पेरला तर उगवण कमी व विस्कळीत होते. फोडलेले धणे १२ तास भिजवून, सावलीत सुकवून पेरावेत. एका क्रेटला एक मोठा चमचा (४ ते ५ ग्रॅम) बी पुरते. १ ते १.५ सें.मी. खोल ओळीत पेरावे. ८ ते १२ दिवसांत उगवण होते. ३५ ते ४५ दिवसांत काढणी करावी. मुळासकट न उपटता जमिनीपासून ४-५ सें.मी. वर कापल्यास थंडीत आणखी एक कापणी मिळते.

*मेथी :* उगवण ३ ते ५ दिवसांत होते, त्यामुळे नवशिक्यांसाठी सर्वांत सोपी. कच्ची खायची असेल तर १५ ते २० दिवसांची कोवळी रोपे कापावीत. तेव्हा कडूपणा कमी असतो. कसुरी मेथी सावकाश वाढते, पण तिच्या अनेक कापण्या घेता येतात.

*पालक :* आपला देशी पालक बीटच्या कुळातला, बीटचाच भाऊबंद आहे. बीटप्रमाणेच त्याच्या एका खडबडीत 'बी'मध्ये प्रत्यक्षात एकाहून जास्त बिया असतात. म्हणून एका जागी दोन-तीन रोपे उगवतात. विरळणी करून १० सें.मी. अंतर ठेवावे. विरळणीत निघालेली कोवळी रोपे खाण्यास उत्तम. ऑल ग्रीन, पुसा ज्योती हे जुने, खात्रीचे वाण आहेत. बाहेरची पाने खुडत राहिल्यास एकाच लागवडीतून अनेक तोडे मिळतात.

*लेट्यूस :* घरासाठी गड्डा होणाऱ्या प्रकारांपेक्षा सुटी पाने देणारे प्रकार निवडावेत. बी अगदी बारीक असते आणि अनेक वाणांत उगवणीसाठी त्याला प्रकाश लागतो. १९५२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील शास्त्रज्ञांनी लेट्यूसच्या बियांवरच तांबड्या प्रकाशाचे प्रयोग करून हे दाखवून दिले होते. त्यामुळे बी खोल पुरू नये. ओल्या मातीवर भुरभुरावे, हलके दाबावे आणि वरून कोकोपीटचा अगदी पातळ थर द्यावा. उष्ण मातीत (साधारण ३० अंशांच्या वर) हे बी झोपून राहते. ऑक्टोबरच्या उकाड्यात पेरायचे असल्यास ओल्या कागदात गुंडाळून बी दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवावे आणि पेरलेला ट्रे घरातील थंड जागी ठेवावा. मोड दिसताच मात्र उजेडात आणावा. ३ ते ४ आठवड्यांची रोपे २० सें.मी. अंतरावर लावावीत. त्यानंतर साधारण महिन्याभराने बाहेरची पाने खुडण्यास सुरुवात करावी.

*पुदिना :* बाजारातून आणलेल्या जुडीतील जाड, निरोगी काड्या घ्याव्यात. खालची पाने काढून काड्या पाण्यात ठेवल्यास साधारण आठवडाभरात मुळ्या फुटतात. पुदिना धावत्या खोडांनी पसरतो आणि शेजारच्या पिकाला दाबतो, म्हणून त्याला नेहमी स्वतंत्र कुंडी द्यावी. दर दोन-तीन महिन्यांनी खोलवर छाटणी करून वर कंपोस्टयुक्त माती घालावी आणि नवी फूट आल्यावरच पाने खुडावीत.

*सब्जा आणि बेसिल :* फालुद्यात घालतो तो सब्जा आणि इटालियन पदार्थांतील बेसिल एकाच जातीच्या वनस्पती आहेत. वास व पानांचा आकार वाणानुसार बदलतो. आपली अंगणातील तुळस मात्र त्याच कुळातील वेगळी जात आहे. रोपाला पानांच्या ६-७ जोड्या आल्या की शेंडा खुडावा. मंजिरी दिसताच काढावी, म्हणजे नवी पाने येत राहतात.

*पानओवा आणि गवती चहा :* पानओवा म्हणजे जाड, लवदार पानांचे झाड. मसाल्यातील ओव्याचे झाड वेगळे. पानओव्याची फांदी मातीत खोचली की लागते. पाणी कमी द्यावे. गवती चहाचे मुळांसह वेगळे केलेले फुटवे लावावेत. त्याला मोठी व खोल कुंडी हवी.

एकदम न पेरता टप्प्याटप्प्याने पेरावे

पाकीट फोडले की सगळे बी एकाच दिवशी पेरण्याची सवय असते. परिणामी चाळिसाव्या दिवशी घरात कोथिंबिरीचा ढीग आणि साठाव्या दिवशी काहीच नाही. पाने कच्ची खायची असतील तर रोज थोडी हवी असतात. त्यासाठी चार क्रेटचा क्रम ठेवावा :

१. पहिल्या दिवशी पहिला क्रेट पेरावा.
२. दर १० दिवसांनी पुढचा क्रेट पेरावा.
३. चौथा क्रेट पेरल्यावर साधारण आठवड्याभरात पहिला क्रेट कापणीला येतो.
४. रिकाम्या झालेल्या क्रेटमधील मुळे काढून, माती मोकळी करून, दोन मुठी कुजलेले कंपोस्ट मिसळून त्यात पीक बदलावे. मेथीनंतर कोथिंबीर, कोथिंबिरीनंतर पालक असा क्रम ठेवल्यास एकाच रोगाचे जंतू मातीत साठत नाहीत.

प्रत्येक क्रेटवर पेरणीची तारीख लिहून ठेवावी. काढणी केव्हा, फवारणीनंतर किती दिवस झाले, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्या तारखेवरून मिळतात.

पाणी

पिण्यायोग्य पाणीच वापरावे. भांडी किंवा कपडे धुतलेले पाणी, तळ्याचे वा नाल्याचे पाणी या पिकांना देऊ नये. आरओ यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात. ते सतत दिल्यास पानांच्या कडा करपतात.

पाणी सकाळी आणि मुळाशी द्यावे. बारीक झारी किंवा तळाला छोटी भोके पाडलेली बाटली चालते. पाने रात्रभर ओली राहिली तर बुरशी वाढते आणि मातीचे शिंतोडे पानांवर उडतात. माती आणि पान यांचा संपर्क जितका कमी, तितके पान स्वच्छ. म्हणून रोपांभोवती वाळलेल्या गवताचे किंवा नारळाच्या काथ्याचे आच्छादन करावे. हिवाळ्यात एक दिवसाआड, उन्हाळ्यात रोज पाणी लागते. मात्र बोट दोन पेरे मातीत घालून ओल पाहावी आणि मगच पाणी द्यावे.

कीड व रोग : फवारणीचा हात आखडता ठेवावा

- रोपे कोलमडणे (मर) : दाट पेरणी व जास्त पाणी यांमुळे रोपे जमिनीलगत कुजून पडतात. विरळ पेरावे, निचरा सुधारावा. पेरणीच्या वेळी मातीत ट्रायकोडर्मा मिसळावा.
- मावा : पानांच्या मागे गर्दी दिसताच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावा. हे दोन-तीन दिवस सलग करावे. लेडीबर्ड भुंगेरे दिसल्यास त्यांना राहू द्यावे, ते मावा खातात.
- नागअळी : पानावर पांढऱ्या नागमोडी रेषा दिसतात. अशी पाने खुडून नष्ट करावीत. पिवळे चिकट सापळे लावावेत.
- पाने खाणाऱ्या अळ्या, गोगलगायी : संध्याकाळी टॉर्च घेऊन हाताने वेचाव्यात. गोगलगायी उघड्या हाताने धरू नयेत आणि त्यांचा चिकट माग असलेली पाने टाकून द्यावीत.

पीक लहान असताना ५ टक्के निंबोळी अर्क वापरता येतो. फवारलेली जुनी पाने न खाता नंतर आलेली नवी पाने खुडावीत. तंबाखूचा काढा हा घरगुती उपाय म्हणून सांगितला जातो. त्यातील निकोटिन हे विष आहे, म्हणून खायच्या पानांवर तो कधीही फवारू नये. रासायनिक कीटकनाशकांच्या लेबलवर पीक आणि काढणीपूर्व प्रतीक्षा काळ दिलेला असतो. घरच्या ३०-४० दिवसांच्या पिकात त्यांचा मेळ बसत नाही. क्रेट फारच किडला तर तो उपटून पुन्हा पेरणे स्वस्त आणि सुरक्षित.

काढणी, धुणे आणि साठवण

पाने सकाळी, ऊन चढण्यापूर्वी काढावीत. तेव्हा त्यांत पाणी भरलेले असते व ती कुरकुरीत राहतात. हात साबणाने धुवावेत, कात्री स्वच्छ असावी. घरात कोणाला जुलाब होत असतील तर त्या व्यक्तीने काढणी किंवा चिरणे करू नये.

१. पिवळी, किडकी, मातीला टेकलेली पाने वेगळी करावीत.
२. मोठ्या भांड्यात पिण्याच्या पाण्यात पाने बुडवून हलवावीत, माती तळाशी बसू द्यावी. पाने वरून उचलून घ्यावीत, पाणी ओतून देताना माती पुन्हा पानांवर येऊ देऊ नये.
३. हे दोन-तीन वेळा करून शेवटी वाहत्या पाण्याखाली धुवावीत. साबण वापरू नये.
४. स्वच्छ कापडावर कोरडी करून डब्यात फ्रिजमध्ये ठेवावीत आणि दोन-तीन दिवसांत संपवावीत.

धुतल्याने जिवाणूंची संख्या कमी होते, शून्य होत नाही. पानाच्या सुरकुत्यांत आणि कापलेल्या कडांत ते टिकतात. म्हणूनच खताचा नियम धुण्याच्या नियमाआधी येतो.

हे कच्चे खाऊ नये

- अळू : यातील कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घशाला टोचतात. नीट शिजवूनच खावे.
- पालक, आंबट चुका : यांत ऑक्झलेट भरपूर असते. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी कच्च्या पालकाच्या वाट्या भरून खाणे किंवा रोज रस घेणे टाळावे, डॉक्टरांना विचारावे.
- पेरणीसाठी विकत आणलेले, औषध लावलेले बी : हे बी गुलाबी, निळे किंवा हिरवे रंगवलेले असते. ते मोड आणण्यासाठी किंवा मायक्रोग्रीनसाठी वापरू नये.
- कच्चे मोड : २०११ मध्ये जर्मनीत कच्च्या मोडांमधून ई. कोलायची मोठी साथ आली. सुमारे ४ हजार लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक दगावले. तपासात संशय मेथीच्या बियाण्यावर गेला. मोड आणताना लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही मानवते. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि आजारी व्यक्तींना मोड वाफवूनच द्यावेत.

त्या गच्चीवर पुढे काय केले

फोनवरील ताईंना मी तीन गोष्टी सांगितल्या. जीवामृत ओतणे-फवारणे त्याच दिवशी थांबवावे. उभा पालक आणि कोथिंबीर टाकून न देता नीट शिजवून संपवावी, लेट्यूस मात्र उपटून कंपोस्टच्या ढिगात टाकावे. त्या क्रेटमधील माती फुलझाडांच्या कुंड्यांत घालावी आणि नव्या मिश्रणात पुन्हा पेरणी करावी. उरलेले जीवामृत त्यांनी गच्चीवरील लिंबू आणि कढीपत्त्याच्या बुंध्याशी दिले. खाली टेकलेली फळे-पाने घेऊ नयेत आणि कढीपत्ता फोडणीतच वापरावा, एवढे पथ्य सांगितले.

फेब्रुवारीत त्यांनी नव्या लेट्यूसचा फोटो पाठवला. पाने आधीच्या पिकापेक्षा थोडी लहान होती. मुले आता तोडून थेट तोंडात घालत नाहीत, धुऊन खातात, असेही कळवले.

यंदा पेरणी करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे : कच्चे खायचे पान वेगळ्या क्रेटमध्ये, पूर्ण कुजलेल्या खतावर आणि पिण्याच्या पाण्यावर वाढवावे. हंगाम सांभाळून दर १० दिवसांनी थोडे पेरावे. कशाबद्दल शंका आली तर ते पान फेकण्याची गरज नाही, ते भाजीत घालून नीट शिजवावे.